रॉकच्या हॉल ऑफ फेममध्ये डॉली पार्टन कशाला? बाहेरच्या कलावंतांच्या सन्मानाबद्दल सविस्तर उत्तर

प्रश्न असा आहे: अमेरिकेत क्लीव्हलंडला असलेल्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे नामवंतांच्या सन्मानयादीत, रॅपर, डॉली पार्टनसारख्या कंट्री (अमेरिकी ग्रामीण ढंगाचं संगीत) गायिका, जॅझ वादक, पॉप गायक असे सगळेच घेतले जातात. मग पाटीवर 'रॉक' कशाला? एका संगीतप्रकारासाठी उभारलेल्या संस्थेनं दुसऱ्या प्रकारातल्या कलावंतांचा सन्मान करावा का?

करावा, पण दोन अटींवर. त्या कलावंताचं काम या संगीतात उतरलंय हे ध्वनिमुद्रणं समोर ठेवून दाखवता आलं पाहिजे. आणि सन्मान ज्या विभागात दिला जातो, तो विभाग त्या कामाशी जुळला पाहिजे. वाद होतात ते बाहेरचे लोक आत येतात म्हणून कमी, आणि ते का आले हे संस्था नीट लिहून देत नाही म्हणून जास्त.

आधी बाहेरचा कोण ते पाहू, कारण निम्मा घोळ तिथेच आहे.

जुलै 1954 मध्ये मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्सनं एल्विस प्रेस्लीची पहिली रेकॉर्ड काढली. तिच्या एका बाजूला 'दॅट्स ऑल राइट' आहे. हे गाणं आर्थर क्रूडप या ब्लूज (कृष्णवर्णीय अमेरिकी लोकसंगीत) गायकानं 1946 मध्ये ध्वनिमुद्रित केलं होतं. दुसऱ्या बाजूला 'ब्लू मून ऑफ केंटकी' आहे, ते बिल मन्रोचं. कंट्रीतल्या ब्लूग्रास या प्रकाराला ज्याच्या बँडवरून नाव पडलं तोच हा मन्रो. त्याचं मूळ गाणं तीनच्या ठेक्यात, वॉल्ट्झमध्ये, संथ चालणारं. एल्विस, गिटारवर स्कॉटी मूर आणि बासवर बिल ब्लॅक या तिघांनी ते चारच्या ठेक्यात आणलं आणि लय वाढवली. रेकॉर्डवर ड्रम नाहीत. बासची तार ओढून फळीवर आपटल्याचा जो चटका ऐकू येतो, तोच ठेका धरून ठेवतो. निर्माता सॅम फिलिप्सनं त्यावर टेपचा छोटा प्रतिध्वनी चढवला. त्यासाठी आवाज दुसऱ्या टेप यंत्रावर मुद्रित करायचा आणि त्याच्या वाचनाच्या हेडवरून सेकंदाच्या लहानशा अंशानं उशिरा मूळ आवाजात परत मिसळायचा. मन्रोनं त्याच वर्षी आपलं गाणं पुन्हा ध्वनिमुद्रित केलं, तेव्हा सुरुवात वॉल्ट्झमध्ये ठेवली आणि पुढे चारचा ठेका घेतला. म्हणजे देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली, आणि ती तबकडीवर तारखेसकट सापडते.

तेव्हा रॉकच्या या सुरुवातीच्या तबकडीवर एक बाजू ब्लूजची आणि एक बाजू ब्लूग्रासची आहे. मन्रोला क्लीव्हलंडच्या हॉलनं 1997 मध्ये सुरुवातीच्या प्रभावाच्या विभागात, म्हणजे ज्यांच्या कामाचा रॉकवर परिणाम झाला त्यांच्या विभागात घेतलं. तो कधीच रॉक वाजवत नव्हता आणि हॉलनंही तसं म्हटलं नाही. या निवडीवर कुणाला बोट ठेवायला जागा नाही.

हॉलच्या 1986 च्या पहिल्या तुकडीतले दहा गायक-वादक पाहा: चक बेरी, जेम्स ब्राउन, रे चार्ल्स, सॅम कुक, फॅट्स डोमिनो, एव्हर्ली ब्रदर्स, बडी हॉली, जेरी ली लुईस, लिटल रिचर्ड आणि एल्विस. यातले एल्विस, एव्हर्ली ब्रदर्स, रे चार्ल्स आणि जेरी ली लुईस हे चौघे नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्येही आहेत. एल्विस तर गॉस्पेलच्या, म्हणजे ख्रिस्ती भक्तिसंगीताच्या हॉलमध्येही आहे. सॅम कुक गॉस्पेलमधून आला. जेम्स ब्राउनला फंकचा, म्हणजे ठेक्यावर भर देणाऱ्या नृत्यसंगीताचा पाया घालणारा म्हणतात. अगदी आतले मानले गेलेले दहा जणच जर इतक्या घरांतून आलेले असतील, तर निखळ रॉकची रेघ ओढायची कुठे?

हॉल क्लीव्हलंडमध्ये का आहे, तेही इथे लक्षात घ्यावं. 21 मार्च 1952 रोजी तिथे रेडिओ निवेदक अ‍ॅलन फ्रीडनं 'मूनडॉग कॉरोनेशन बॉल' भरवला. तो रॉक अँड रोलचा पहिला मोठा जलसा मानला जातो. गर्दी आवरेना म्हणून तो अर्ध्यातच थांबवावा लागला. त्यात वाजवायला बोलावलेले पॉल विल्यम्स, टायनी ग्राइम्स यांच्यासारखे लोक कृष्णवर्णीय रिदम अँड ब्लूजवाले होते. त्यामुळे आज एखाद्या रॅपरच्या किंवा सोल गायिकेच्या निवडीवर हे रॉक नव्हेच असं कुणी ठासून म्हणतं, तेव्हा ते या संगीताच्या जन्माकडेच पाठ फिरवतं. हा आक्षेप कुणाच्या नावावर किती लवकर घेतला जातो, तेही पाहावं. रॅप आणि सोलवर तो तत्काळ येतो, लोकगीतांच्या अंगानं गाणाऱ्या गोऱ्या गायकांवर क्वचित. संस्थापकांपैकी एक असलेल्या यान वेनर यांना सप्टेंबर 2023 मध्ये हॉलच्या संचालक मंडळातून काढलं गेलं, ते कृष्णवर्णीय आणि स्त्री कलावंतांबद्दल मुलाखतीत केलेल्या विधानांमुळे. निवड कोण करतं यावर आत-बाहेर ठरतं, म्हणून हा तपशील महत्त्वाचा.

रॅपचा प्रश्न यातून बराचसा सुटतो. जेम्स ब्राउनच्या 'फंकी ड्रमर'मध्ये क्लाइड स्टबलफील्डनं वाजवलेला ड्रमचा तुकडा पुढे असंख्य रॅप रेकॉर्डवर आला. पब्लिक एनिमी या रॅप गटाच्या 1989 च्या 'फाइट द पॉवर'मध्ये तो आहे. 1973 मध्ये ब्राँक्समध्ये डीजे कूल हर्कनं एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर ठेवून असले ड्रमचे तुकडे लांबवायला सुरुवात केली, तेव्हा त्याच्या हाताशी जेम्स ब्राउनच्याही रेकॉर्ड होत्या. ज्या हॉलनं जेम्स ब्राउनला पहिल्याच तुकडीत घेतलं, त्यानं ग्रँडमास्टर फ्लॅशला 2007 मध्ये, रन-डीएमसीला 2009 मध्ये, पब्लिक एनिमीला 2013 मध्ये आणि जे-झीला 2021 मध्ये घेतलं, यात विसंगती नाही. रॅप ज्याचा भाग आहे ते हिप-हॉप हे रॉकच्या शेजारचं घर नसून त्याच कुटुंबातली पुढची पिढी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता कंट्री गायिका आणि गीतकार डॉली पार्टन. हे प्रकरण खरंच अवघड आहे, म्हणून इथे थांबायला हवं.

2022 च्या नामांकनात तिचं नाव आलं. 14 मार्चला तिनं जाहीर निवेदन काढून माघार घेतली. आपण हा मान कमावलेला नाही आणि आपल्यामुळे इतरांची मतं विभागली जाऊ नयेत, असा त्याचा आशय होता. हॉलनं उत्तर दिलं की रॉक अँड रोल एका शैलीत बांधलेलं नाही, त्याची मुळं रिदम अँड ब्लूज आणि कंट्रीमध्ये आहेत. शिवाय मतपत्रिका सुमारे 1,200 मतदारांकडे आधीच गेल्या आहेत. एप्रिलच्या अखेरीस तिनं निवड झाल्यास स्वीकारू असं सांगितलं. मेमध्ये निवड जाहीर झाली आणि 5 नोव्हेंबर 2022 रोजी लॉस एंजेलिसमध्ये समारंभ झाला. पुढच्या वर्षी तिनं 30 गाण्यांचा रॉक अल्बमच काढला.

तिची माघार हा विनयाचा भाग होताच, पण तिनं विभाग अचूक वाचला होता, हेही खरं. तिला नामांकन होतं 'परफॉर्मर' विभागात, म्हणजे मुख्य विभागात. तिच्या कामाचा पुरावा काय सांगतो? 1973 चं 'जोलीन' द व्हाइट स्ट्राइप्स या रॉक बँडनं गायलं. 1974 चं 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' व्हिटनी ह्यूस्टननं 1992 मध्ये गायलं आणि ते अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत 14 आठवडे पहिलं राहिलं. पुरावा भक्कम आहे, पण तो गीतकार-संगीतकार डॉलीचा आहे. रॉक गायिका म्हणून तिचा ठसा त्यातून सिद्ध होत नाही. हॉलनं तिला गीतलेखनासाठी, कोणती गाणी कुणी कुठे नेली ते लिहून, वेगळ्या विभागात घेतलं असतं तर वाद उभाच राहिला नसता. हॉलनं मात्र मुळं सगळीकडे आहेत एवढंच सांगितलं. ते खरं आहे, पण त्या न्यायानं कुणालाही घेता येतं. कारण कुणालाही लागू पडत असेल तर ते त्या कलावंताबद्दल काहीच सांगत नाही.

शेजारी जॉनी कॅश ठेवून पाहा. तोही कंट्रीवाला, तोही दोन्ही हॉलमध्ये: नॅशव्हिल 1980, क्लीव्हलंड 1992. पण कॅशची पहिली रेकॉर्ड 1955 ची, सन रेकॉर्ड्सची. स्टुडिओ तोच, निर्माता तोच सॅम फिलिप्स, काळही तोच. तिथे युक्तिवाद करावाच लागत नाही.

मतदान कसं चालतं हे माहीत नसेल तर पुढचं कळणार नाही. पहिली रेकॉर्ड बाजारात आल्याला 25 वर्षं झाली की कलावंत पात्र होतो. नामांकन समिती दरवर्षी साधारण 14 ते 17 नावं ठरवते. मतपत्रिका हजारावर मतदारांना जाते. त्यात आधी निवडले गेलेले कलावंत, इतिहासकार आणि संगीत व्यवसायातले लोक असतात. बरीच वर्षं मतदाराला यातली पाच नावं निवडता येत होती. अलीकडे परफॉर्मर विभागात सात-आठ जण निवडून येतात. 2012 पासून चाहत्यांचंही मत घेतात, पण सगळ्या चाहत्यांची मिळून एकच मतपत्रिका धरली जाते. 2020 मध्ये डेव्ह मॅथ्यूज बँडला चाहत्यांची दहा लाखांवर मतं पडली, तरी निवड झाली नाही. ती 2024 मध्ये झाली. प्रभाव, सांगीतिक श्रेष्ठता आणि पडद्यामागच्या लोकांसाठी अहमेट एर्टेगन पुरस्कार, हे वेगळे विभाग या मोठ्या मतदानातून जात नाहीत. ते छोटी समिती ठरवते.

दोष नेमका कुठे येतो ते आकड्यांत पाहू. आकडे कल्पित आहेत, रीत खरी आहे. समजा 1,000 मतदार, प्रत्येकाला पाच मतं. एका मेटल (रॉकचाच जोरकस, कर्कश प्रकार) बँडला 280 जणांनी मत दिलं. त्यातल्या 200 जणांच्या मनात तो पहिला आहे, 80 जणांच्या मनात दुसरा. दुसरीकडे बाहेरच्या प्रकारातली जगप्रसिद्ध गायिका आहे. तिला पहिली मानणारे फक्त 60. पण पाचवं नाव कुणाचं टाकावं हे न सुचलेल्या आणखी 400 जणांनी तिच्यावर खूण केली. मतपत्रिकेवर पसंतीचा क्रम नसतो, प्रत्येक खूण सारखीच. निकाल 460 विरुद्ध 280. आता क्रमाला गुण द्या: पहिल्याला 5, दुसऱ्याला 4, असं पाचव्याला 1. मेटल बँडचे होतात 1,000 आणि 320 मिळून 1,320. गायिकेचे 300 आणि 400 मिळून 700. मतदार तेच, आवड तीच, निकाल उलटा.

म्हणजे ही पद्धत सगळ्यांना थोडंसं माहीत असलेल्या नावाला झुकतं माप देते, आणि बाहेरच्या प्रकारातून नामांकन मिळवणारं नाव जवळपास नेहमीच तसं असतं. प्रकाराच्या आत खोलवर काम केलेले पण बाहेर फारसे माहीत नसलेले लोक मागे पडतात. जुडास प्रीस्ट या मेटल बँडची तीन नामांकनं मतदानात टिकली नाहीत, शेवटी 2022 मध्ये समितीनं त्यांना सांगीतिक श्रेष्ठतेच्या विभागातून घेतलं. 2021 आणि 2023 मध्ये आयर्न मेडन या मेटल बँडचं नामांकन झालं, दोन्ही वेळा निवड नाही. मेटलच्या चाहत्यांचा राग रॅपवर किंवा कंट्रीवर निघतो, तो तिथे काढण्यात अर्थ नाही. तो मतपत्रिकेच्या रचनेवर काढायला हवा. क्रमानं गुण देण्याचीही एक उणीव आहे: संघटित गट आपलं एकच नाव पहिलं टाकून बाकीच्यांना शून्य देऊ शकतो. म्हणून नुसती पद्धत बदलून भागणार नाही. बाहेरच्या कलावंतांची यादीच वेगळी हवी, म्हणजे त्यांची जागा आतल्यांच्या जागेतून कापली जाणार नाही.

वेगळे विभाग आहेतच, मग अडचण कसली? ते मागच्या दारासारखे वापरले जातात, ही. रॅपर एलएल कूल जे सहा वेळा मतदानात पडला आणि 2021 मध्ये सांगीतिक श्रेष्ठतेच्या विभागातून आला. शीक या बँडची 11 नामांकनं झाली, निवड कधीच नाही. शेवटी 2017 मध्ये त्यांच्यातल्या एकट्या नाइल रॉजर्सला त्याच विभागातून घेतलं. हा विभाग पूर्वी साथीदार वादकांसाठी होता. जिथे स्टुडिओत अनाम राहून आयुष्यभर वाजवणाऱ्यांना स्थान मिळायचं, तिथे आता मतदानाचं राहिलेलं काम उरकलं जातं. याचा फटका साथीदारांना बसतो, आणि त्यांच्या बाजूनं बोलायला फारसं कुणी नाही.

आता पुरावा कसा तपासायचा ते सांगतो. समितीवर असाल, संगीतसंग्रहालयात काम करत असाल किंवा नुसता वाद घालायचा असेल, रीत तीच.

पहिलं काम म्हणजे जोडी लावणं. बाहेरच्या कलावंताचं एक ध्वनिमुद्रण आणि आतल्या कुणाचं तरी त्यानंतरचं एक, दोन्ही लागोपाठ ऐकायची. तारीख ध्वनिमुद्रणाची धरायची, प्रकाशनाची नाही, कारण कित्येक गाणी महिनोन्महिने पडून राहतात आणि क्रम उलटा दिसतो. मग काय पुढे गेलं ते एका वाक्यात लिहायचं: ठेका, चाल, वाद्याचा आवाज, वाजवण्याची रीत की स्टुडिओतली एखादी युक्ती. अमुकची भावना जाणवते असं लिहावं लागलं तर जोडी बाद. आपल्याकडे ख्यालगायकीत एखादी जागा परक्या घराण्याची वाटली की जाणकार ती कुणाकडून आली हे नाव घेऊन सांगतात. इथेही तितकंच नेमकं बोलायला हवं.

दुसरं काम संपर्काची वाट शोधणं. नंतरच्यानं आधीच्याला ऐकलं होतं याचा पुरावा हवा: गाणं पुन्हा गायलेलं असणं, श्रेयनामावली, एकच लेबल, एकच वादक, नोंदवलेली मुलाखत. हे टाळलं की मोठी फसगत होते. हँक विल्यम्सचं 1947 चं 'मूव्ह इट ऑन ओव्हर' आणि बिल हेलीचं 1954 चं 'रॉक अराउंड द क्लॉक' लागोपाठ लावा. चाल इतकी मिळते की थेट उचलल्याची खात्री वाटेल. पण चार्ली पॅटनचं 1929 चं 'गोइंग टू मूव्ह टू अलाबामा' लावलं तर तीच वळणं तिथेही सापडतात. बारा बारचा, म्हणजे बारा तालखंडांच्या आवर्तनाचा ब्लूज हा सगळ्यांच्या मालकीचा साचा आहे. त्यात बसणारी गाणी एकमेकांसारखी वाटणारच. साम्य हा शोधाचा पहिला धागा, निष्कर्ष नव्हे.

याउलट क्राफ्टवर्क. जर्मनीच्या ड्युसेलडॉर्फचा हा इलेक्ट्रॉनिक चमू, रॉकच्या व्याख्येपासून बऱ्यापैकी दूर. 1982 चं आफ्रिका बंबाटा आणि सोलसॉनिक फोर्सचं 'प्लॅनेट रॉक' हे हिप-हॉप गाणं ऐका. त्यातली सिंथेसायझरवरची चाल क्राफ्टवर्कच्या 1977 च्या 'ट्रान्स-युरोप एक्स्प्रेस'ची आहे आणि ठेका 1981 च्या 'नंबर्स'वरून रोलंडच्या टीआर-808 ड्रम यंत्रावर बांधलेला. तुकडा कापून चिकटवलेला नाही, पुन्हा वाजवलेला आहे. इतका लख्ख पुरावा क्वचित मिळतो. तरी मुख्य मतदानात त्यांची नामांकनं पुन्हा पुन्हा पडली, आणि 2021 मध्ये त्यांना प्रभावाच्या विभागात घेतलं. माझ्या मते ते तिथेच शोभतात. पहिल्या नामांकनापासून तिथेच पाठवायला हवं होतं.

तिसरी तपासणी दिशेची. जॅझचा ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसला 2006 मध्ये परफॉर्मर विभागात घेतलं. ऑगस्ट 1969 मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या 'बिचेस ब्रू'मध्ये इलेक्ट्रिक पियानो आणि इलेक्ट्रिक गिटार आहे, ठेके रॉकच्या जवळचे आहेत. पण इथे रॉककडून जॅझनं घेतलं. हे श्रेय माइल्सच्या धाडसाचं, रॉकवरच्या त्याच्या प्रभावाचं नव्हे. त्याच न्यायानं 'डाउनबीट' या जॅझच्या मासिकाच्या वाचकांनी 1970 मध्ये रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्सला आपल्या हॉल ऑफ फेममध्ये निवडलं. दोन्ही निवडी समर्थनीय आहेत, मात्र मानपत्रात बाण कुठून कुठे जातो ते लिहिलं पाहिजे. नाहीतर पुढचा वाचक उलटाच इतिहास शिकतो.

चौथं, किमान तीन वारसदार, म्हणजे प्रभाव घेणारे कलावंत, आणि तेही एकमेकांपासून स्वतंत्र. एकानं घेतलं तर ती वैयक्तिक आवड असू शकते.

25 वर्षांचा नियमही बाहेरच्यांसाठी चुकीच्या ठिकाणाहून मोजतो. तो कलावंताच्या पहिल्या रेकॉर्डपासून मोजतो, पण प्रभाव तर त्यानंतर कधीतरी दिसायला लागतो. क्राफ्टवर्कचा पहिला अल्बम 1970 चा, पुरावा 1982 चा. बाहेरच्यांसाठी घड्याळ प्रभावाच्या पहिल्या ध्वनिमुद्रणापासून लावावं.

उलट बाजूचा दोष नॅशव्हिलला दिसतो. कंट्रीचा हॉल 1961 चा, दरवर्षी साधारण तीनच जागा: एक आधुनिक काळासाठी, एक जुन्या पिढीसाठी आणि तिसरी वादक, गीतकार व पडद्यामागचे यांच्यात फिरती. नावाची ओळख सांभाळायला ही रचना उत्तम. पण रे चार्ल्सनं 1962 मध्ये कंट्री गाण्यांचा अल्बम काढला, त्यातलं डॉन गिब्सनचं 'आय कान्ट स्टॉप लव्हिंग यू' अमेरिकेच्या मुख्य यादीत पाच आठवडे पहिलं राहिलं, ज्यांनी कधी कंट्री ऐकलं नव्हतं अशा घरांत ते संगीत पोचलं, आणि नॅशव्हिलनं त्याला घेतलं 2021 च्या तुकडीत. तो 2004 मध्येच वारला होता. क्लीव्हलंडनंही सिस्टर रोझेटा थार्पच्या बाबतीत हेच केलं. गॉस्पेल गात इलेक्ट्रिक गिटार वाजवणारी ही बाई. 1947 मध्ये जॉर्जिया राज्यातल्या मेकन शहरात तिनं किशोरवयीन लिटल रिचर्डला आपल्या रंगमंचावर गायला बोलावलं. लिटल रिचर्ड 1986 मध्ये आत आला आणि ती 2018 मध्ये. बाहेरच्यांना घेऊच नका म्हणणाऱ्यांनी या 32 वर्षांचा विचार करावा. दार बंद ठेवण्याची किंमत अशा लोकांनी मोजली आहे.

ही सगळी रीत एका नावावर चालवून पाहू, तेही आपल्या जवळच्या. 2025 च्या यादीपर्यंत पंडित रविशंकर क्लीव्हलंडच्या हॉलमध्ये नाहीत. जोड्या सहज मिळतात. 1965 मध्ये बीटल्सच्या 'नॉर्वेजियन वुड'मध्ये जॉर्ज हॅरिसननं सतार वाजवली, 1966 मध्ये तो रविशंकर यांच्याकडे शिकायला लागला. बर्ड्स या अमेरिकी रॉक बँडच्या 1966 च्या 'एट माइल्स हाय'वर रविशंकर यांची आणि जॅझवादक जॉन कोल्ट्रेनची छाया आहे, हे बँडनंच सांगितलं आहे. पण हे दोन वारसदार पूर्णपणे स्वतंत्र नाहीत. रविशंकर यांच्या रेकॉर्ड अमेरिकेत वर्ल्ड पॅसिफिक हे लेबल काढत असे, बर्ड्स त्याच लेबलच्या स्टुडिओत तालीम करत, आणि बर्ड्सच्याच मंडळींनी 1965 मध्ये हॅरिसनला रविशंकर यांच्याबद्दल सांगितलं. वाट एकच आहे. मग तिसरा, वेगळा पुरावा शोधावा लागतो: रोलिंग स्टोन्सच्या 1966 च्या 'पेंट इट ब्लॅक'मधली ब्रायन जोन्सची सतार, 1967 मध्ये बाजारात आलेली कोरल कंपनीची इलेक्ट्रिक सतार. यात सतारीचा आवाज पोचलेला दिसतो, राग पोचलेला फारसा दिसत नाही. मानपत्रात तेवढंच लिहावं. मॉन्टेरे 1967 आणि वुडस्टॉक 1969 या महोत्सवांतलं त्यांचं वादन आणि 1 ऑगस्ट 1971 ची बांगलादेशासाठीची मैफल, हे त्याला जोडून. विभाग प्रभावाचा, परफॉर्मरचा मुळीच नाही. रॉक महोत्सवांतल्या नशेच्या आणि गिटार जाळण्याच्या वातावरणाबद्दलची आपली नाराजी त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितली होती.

आणि याच तपासणीत त्यांच्या शेजारी बसलेला माणूस पुढे येतो. तबलावादक उस्ताद अल्लारखाँ. ग्रेटफुल डेड या अमेरिकी रॉक बँडचा ड्रमवादक मिकी हार्ट त्यांच्याकडून तालाची मोजणी शिकला. त्याच काळात बँडनं 'द इलेव्हन' बांधलं. ते 11 च्या आवर्तनात चालतं आणि 1969 च्या 'लाइव्ह/डेड'वर ऐकता येतं. पुढे 1976 मध्ये हार्टनं झाकिर हुसेन यांच्याबरोबर दिगा ऱ्हिदम बँडची रेकॉर्ड काढली. वाद्याचा नुसता आवाज नव्हे, मोजण्याची पद्धतच रॉकच्या बँडमध्ये शिरली. संपर्काची वाट शिष्यत्वाची, म्हणजे सगळ्यात पक्की. ग्रेटफुल डेड 1994 पासून हॉलमध्ये आहेत. मुंबईत हयात काढलेल्या या तबलजीचा दावा, माझ्या मते, सतारीपेक्षाही ऐकून पटण्याजोगा आहे. त्याला आणखी दोन स्वतंत्र वारसदारांची जोड लावायचं काम बाकी आहे.

राहिल्या दोन व्यवहाराच्या गोष्टी. संग्रहालयातलं प्रदर्शन आणि यादीतलं नाव वेगळं ठेवा. क्लीव्हलंडची आय. एम. पेई यांची इमारत 1995 मध्ये उघडली, तिच्यात भिंती भरपूर आहेत. प्रदर्शनात कुणालाही दाखवलं तरी कुणाची जागा जात नाही. पुरावा दोनच वारसदारांवर अडला असेल तर आधी प्रदर्शन लावा, तिसरा सापडला की नाव यादीत घ्या. आणि संमती मतपत्रिका छापण्याआधी विचारा. कलावंताला, तो नसेल तर कुटुंबाला, विभागाचं नाव आणि मानपत्राचा मसुदा दाखवून. डॉली पार्टननं माघार घेतली तेव्हा मतपत्रिका टपालात होत्या. महिनाभर आधी एक पत्र गेलं असतं तर तिनं कोणत्या विभागाला होकार दिला असता, हे हॉलला तेव्हाच कळलं असतं.